पांढऱ्या बोर्डाची काळी कहाणी

शीर्षक वाचून कुणी रहस्यकथेच्या आशेने हे पान उघडलं असेल तर आधीच सांगतो, हा लेख वर्गातला व्हाइटबोर्ड कसा पुसावा आणि कसा टिकवावा ह्याबद्दल आहे. "ह्यात लिहिण्यासारखं काय आहे? डस्टर घ्यायचा आणि पुसायचा!" असं म्हणून पान उलटण्याआधी एक काम करा. सोमवारी सकाळी पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आधी, कुणी एक अक्षरही लिहिलेलं नसताना, आपल्या वर्गातल्या बोर्डाकडे नीट बघा. मागच्या सेमिस्टरच्या परीक्षेचा ब्लॉक नंबर, कोपऱ्यात अर्धवट फ्री बॉडी डायग्राम, कुणाला तरी दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ह्या सगळ्यावर पसरलेला एक राखाडी ढग. बोर्ड पुसलेला असतो, पण कोरा नसतो.

ह्याचा त्रास पहिल्या दोन बाकांना फारसा होत नाही. तो होतो मागच्यांना. शेवटच्या बाकाची बदनामी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, पण साठ-सत्तर जणांच्या वर्गात कुणाला तरी मागे बसावंच लागतं, आणि तिथे बसणारा प्रत्येकजण झोपायलाच बसलेला नसतो. इतिहासाच्या तासाला एखादं अक्षर पुसट दिसलं तर वाक्यावरून अंदाज येतो. आपल्याकडे तशी सोय नाही. व्हायब्रेशनच्या समीकरणात एक्सच्या डोक्यावर एक टिंब असलं तर तो वेग, दोन असली तर त्वरण. जुनं न पुसलेलं टिंब आणि नवं टिंब ह्यातला फरक दहाव्या बाकावरून कसा कळणार? जुन्या रेघेचं भूत नव्या आकड्याच्या बरोब्बर आधी येऊन बसलं की अधिकचं उणे होतं आणि वहीत तेच उतरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या वहीची झेरॉक्स अर्ध्या हॉस्टेलमध्ये फिरते. पुढचं सांगायला नको.

तर बोर्ड असा होतो कशामुळे? माझ्या मते ह्याचं मूळ आपल्या बालपणात आहे. आपण सगळे खडू-फळ्यावर वाढलो. फळा मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. खडू त्यावर घासला जातो, त्याची पूड खरखरीत खाचांत अडकते आणि अक्षर उमटतं. म्हणजे फळ्यावर लिहिणं हीच मुळी घासण्याची क्रिया आहे. म्हणून फळा पुसतानाही जोर लावायचा, ओल्या फडक्याने खसाखसा घासायचं, आणि नाहीच निघालं तर आणखी जोरात घासायचं, हे आपल्या हातात मुरलेलं आहे. फळ्याचं त्याने फारसं बिघडत नाही.

व्हाइटबोर्डची रचना बरोबर उलटी आहे. तो शक्य तितका गुळगुळीत ठेवलेला असतो. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण सरफेस रफनेस मोजतो ना, ती व्हाइटबोर्डची खरी जन्मकुंडली. जोवर पृष्ठभाग गुळगुळीत आहे तोवर शाईला पकडायला जागा मिळत नाही. एकदा का आपण फळ्याच्या सवयीने त्यावर जोर काढला, की आपणच त्याचा हळूहळू फळा करत जातो.

आता शाईकडे वळू. खरी गंमत तिथे आहे. मार्करच्या शाईत ढोबळमानाने चार गोष्टी असतात. पहिली म्हणजे द्रावक. आजकाल ते बहुधा अल्कोहोल असतं. पूर्वीच्या मार्करांत कीटोन किंवा झायलीनसारखी उग्र वासाची द्रावकं असत, म्हणून वर्गभर वास सुटायचा. दुसरी गोष्ट म्हणजे रंगद्रव्य, म्हणजे पिगमेंट. ते द्रावकात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. तिसरं रेझिन, जे वाळल्यावर ह्या कणांना एकत्र धरून त्यांची एक पातळ पापुद्र्यासारखी फिल्म बनवतं. आणि चौथी गोष्ट ह्या सगळ्या नाटकाचा नायक आहे. तो एक तेलकट घटक असतो, ज्याला रिलीज एजंट म्हणतात. त्याचं काम एकच, रेझिनला बोर्डाला चिकटू द्यायचं नाही. परमनंट मार्करमध्ये हा नायक नसतो. तिथे रेझिन थेट पृष्ठभागाला मिठी मारतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. चिनी मातीची गुळगुळीत बशी किंवा काचेची ताटली स्वच्छ धुऊन कोरडी करा. त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने एक साधा माणूस काढा, रेघा जरा जाड आणि एकमेकींना जोडलेल्या ठेवा. अर्धा मिनिट वाळू द्या. मग बशीच्या कडेने हळूहळू पाणी सोडा. मार्कर बरा असेल तर तो माणूस अख्खाच्या अख्खा बशीवरून सुटतो आणि पाण्यावर तरंगायला लागतो! शाई पाण्यात विरघळत नाही, पाणी रंगीतही होत नाही. पाणी फक्त फिल्मच्या खाली शिरतं आणि तिला उचलतं. इंटरनेटवर ह्याचे ढिगाने व्हिडिओ आहेत आणि बरेच जण त्याला जादू म्हणून दाखवतात. जादू वगैरे काही नाही, तो रिलीज एजंटचा पराक्रम आहे. हेच परमनंट मार्करने करून बघा, माणूस जागचा हलणार नाही.

ह्या एका प्रयोगातून पुसण्याचं पूर्ण शास्त्र कळतं. व्हाइटबोर्ड पुसणं म्हणजे शाई घासून काढणं नव्हे. ती फिल्म आधीच सुटायला तयार बसलेली असते, आपण तिला फक्त ढकलायचं. इतिहासात डोकावलं तर गुळगुळीत पांढरे बोर्ड आधी आले, पण त्यांवरचं लिखाण ओल्या फडक्याने पुसावं लागे. कोरड्या डस्टरने निघणाऱ्या मार्करचं श्रेय साधारणपणे जेरी वुल्फ ह्यांना देतात, साल १९७५. व्हाइटबोर्ड वर्गावर्गात पोचला तो त्यानंतर. बोर्डाला मोठं केलं ते शाईने.

पण ही शाई काही कायम तयारीत बसून राहत नाही, तिला वेळेचं बंधन आहे. लिहिल्यावर पहिल्या काही सेकंदांत द्रावक अजून उडालेलं नसतं. त्या वेळी डस्टर फिरवला तर फिल्म बनलेलीच नसल्यामुळे ओली शाई पसरते आणि राखाडी फराटा तयार होतो. घाईत चूक दुरुस्त करताना हे हमखास होतं. दोन-चार सेकंद थांबलं तर तीच रेघ भुकटी होऊन खाली पडते. दुसरं टोक म्हणजे लिहून ठेवलं आणि विसरलं. दिवस जातात तशी फिल्म आणखी कडक होते, तेलकट घटक तिच्यातून हळूहळू कमी होतो आणि रेझिन बोर्डाला धरायला लागतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर हे आणखी लवकर होतं. तास संपल्याबरोबर पुसलेला बोर्ड एका हातात स्वच्छ होतो, आणि तोच तीन आठवड्यांनी पुसला तर घाम काढतो, त्याचं कारण हे.

आता प्रश्न असा की आपला बोर्ड नक्की कशाचा आहे? सगळे पांढरे दिसतात म्हणून सगळे सारखे नसतात. खिशातलं लोहचुंबक किंवा फ्रीजवर लावायचं चित्र बोर्डाला लावून बघा. चिकटलं नाही तर तो बहुधा मेलामाइनचा, म्हणजे आपल्या सनमायकाच्या जातीचा आहे. मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला कागद उष्णता आणि दाब देऊन लाकडी भुश्याच्या बोर्डावर बसवलेला असतो. स्वस्त असतो, म्हणून सगळीकडे असतो. त्याचा वरचा थर पातळ असतो, वापराने झिजतो आणि त्यात बारीक छिद्रं उघडी पडतात. चुंबक चिकटलं तर आत पोलादी पत्रा आहे. तो दोन प्रकारचा असतो. एक रंगाचा थर दिलेला, मध्यम दर्जाचा, ज्याचा थर ओरखड्यांना आणि कडक द्रावकांना बिचकतो. दुसरा सिरॅमिक किंवा पोर्सेलीन म्हणतात तो. ह्यात काचेची पूड पत्र्यावर साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजून वितळवलेली असते, म्हणजे वरचा थर खरोखरच काच असतो. आपल्या आजीकडचं पांढरं एनॅमलचं टमरेल आठवा, तेच तंत्र. त्याच्या कडेला मार लागला तर टमरेलासारखाच टवका उडतो. हा बोर्ड महाग, पण सर्वांत टिकाऊ. अलीकडे ऑफिसांत आणि काही सेमिनार हॉलमध्ये मागून रंग दिलेल्या कडक काचेचे बोर्डही दिसतात. पुसायला त्यांच्याइतकं सोपं काही नाही, पण ट्यूबलाइट त्यात अशी काही चमकते की बाजूच्या बाकांना फक्त ट्यूबलाइटच दिसते.

हे सगळं जाणून काय करायचं? तर औषध देण्याआधी रोगी ओळखायचा. काचेच्या बोर्डाला जे चालतं ते मेलामाइनला चालेलच असं नाही.

रोजच्या पुसण्यात फार काही सांगण्यासारखं नाही. कोरडा आणि स्वच्छ डस्टर, हलका हात, वरून खाली, एकावर एक येणारे पट्टे. "स्वच्छ" ह्या शब्दावर मात्र जोर आहे, कारण बोर्ड खराब करणारा क्रमांक एकचा आरोपी स्वतः डस्टरच असतो. पुसलेली शाई कुठे जाते ह्याचा आपण विचारच करत नाही. थोडी खाली ट्रेमध्ये पडते आणि बाकीची डस्टरच्या फेल्टमध्ये शिरते. फेल्ट भरलं की डस्टर शाई उचलणं बंद करतो आणि मागचीच शाई पुढे पसरवत नेतो. मग आपण म्हणतो, बोर्ड खराब झालाय. काही वर्गांत तर हिरवा फळा आणि व्हाइटबोर्ड शेजारीशेजारी आणि डस्टर दोघांत मिळून एक! खडूची पूड व्हाइटबोर्डवर पसरते, तिथून मार्करच्या टोकात शिरते आणि नवा मार्कर आठवड्यात अडखळायला लागतो. फेल्टचा डस्टर महिन्यातून एक-दोनदा साध्या लिक्विडच्या पाण्यात दाबून-दाबून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरावा. त्यापेक्षा सोपं म्हणजे गाडी पुसायची मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवावीत, एक वापरात आणि एक धुण्यात.

हाताने पुसणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. त्यात विद्यार्थी आहेत आणि शिक्षकही आहेत, नावं घेत नाही. तळहाताला घाम आणि तेल असतं. ते बोर्डावर राहतं, त्या जागी मार्कर नीट उमटत नाही, आणि धूळही तिथेच बसते. शिवाय तो हात मग शर्टाला पुसला जातो आणि घरी आईची बोलणी बसतात, ते वेगळंच.

आठवड्यातून एकदा मात्र ओलं पुसणं हवं, कारण कोरड्या डस्टरने तेलकट घटक आणि अगदी बारीक पूड पूर्ण निघत नाही. इथे फर्स्ट इयरची केमिस्ट्री कामाला येते. आठवतंय का, ईडीटीए टायट्रेशन करून पाण्याचा कठीणपणा काढला होता, वाइन रेडचा निळा होईपर्यंत डोळे फाडून बघत बसलो होतो? बोअरवेलचं पाणी बऱ्याच ठिकाणी असंच कठीण असतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं. त्यात अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरला तर कॅल्शियम स्टिअरेटचा न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तोच. तो बोर्डावर बसला की त्यावर पुढची शाई घट्ट धरते. म्हणून साबण नको, भांडी धुवायच्या लिक्विडचा एखादा थेंब बादलीभर नव्हे, मगभर पाण्यात पुरतो. डिटर्जंट असल्यामुळे त्याचा असा साका होत नाही. त्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि पुसायचं, मग दुसऱ्या ओल्या फडक्याने लिक्विडचा अंश काढायचा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने लगेच पुसायचं. पाणी बोर्डावर आपोआप वाळू दिलं तर क्षार तिथेच राहतात. शेवटच्या पुसण्याला कूलरचं पिण्याचं पाणी घेतलं तर उत्तमच. आणि कॉम्प्युटर लॅबच्या एसीतून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं बनलेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात, तेही चालतं. आरओ मशीनच्या पाइपातून वाया जाणारं पाणी मात्र ह्या कामाला घेऊ नका. आरओने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. मेलामाइनच्या बोर्डाला पाणी निथळेल इतकं ओलं फडकं कधीच लावायचं नाही, कारण कडेतून पाणी आत शिरलं की भुश्याचा बोर्ड फुगतो आणि मग फ्रेममधून बाहेर यायला बघतो.

हे करूनही जुनं लिखाण दिसतंच असेल तर अल्कोहोलची पाळी. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा केमिस्ट्री लॅबमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावायचं, डागावर काही सेकंद दाबून धरायचं आणि उचलून घ्यायचं. जोर लावायचा नाही. रेझिनला मूळ शाईतल्यासारखंच द्रावक परत मिळालं की ते विरघळून फडक्यात येतं. त्यानंतर पाण्याच्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचं. सॅनिटायझर चालेल का, असा प्रश्न २०२० नंतर प्रत्येकाला पडतो, कारण कोरोनाच्या काळातल्या बाटल्या अजून कपाटांत आहेत. अल्कोहोल त्यातही असतं, पण हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि जेल असेल तर ते घट्ट करणारं द्रव्यही. डाग निघतो आणि त्या जागी चिकट थर राहतो. अडीअडचणीला वापरा, पण नंतर पाण्याने नीट पुसा.

एक गोष्ट गंभीरपणे. इथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्हींचा फ्लॅश पॉइंट साधारण १२-१३ अंश सेल्सिअस आहे. लॅबमध्ये आपण वंगण तेलाचा फ्लॅश पॉइंट काढतो तेव्हा तापवत-तापवत बराच वेळ जातो. इथे तर वर्गाच्या साध्या तापमानाला, तेही ऐन थंडीत, पेट घेण्याइतकी वाफ तयारच असते. बोर्डाच्या शेजारीच प्रोजेक्टरचं प्लग पॉइंट आणि पंख्याची बटणं असतात. त्यामुळे स्पिरिट बोर्डावर ओतायचं किंवा फवारायचं नाही, फडक्यालाच लावायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि काम झालं की बाटली झाकण लावून कपाटात.

परमनंट मार्करने लिहिलं गेलं तर? हा प्रसंग प्रत्येक डिपार्टमेंटच्या वाट्याला वर्षातून एकदा तरी येतोच. दोन्ही मार्कर दिसायला सख्खे भाऊ, आणि टेक-फेस्टच्या गडबडीत एकाचं टोपण दुसऱ्याला लागलेलं. अशा वेळी घाबरून घासणी शोधायला पळू नका. परमनंट रेघेवरूनच व्हाइटबोर्ड मार्करने जाड रेघ ओढा आणि लगेच नाही, पण पूर्ण कडक व्हायच्या आत पुसा. नव्या शाईतलं अल्कोहोल खालचं रेझिन मऊ करतं, आणि नव्या शाईतला तेलकट घटक दोघांनाही बोर्डापासून सोडवतो. एकदा नाही निघालं तर दोन-तीनदा करा. गुळगुळीत, न झिजलेल्या बोर्डावर हा उपाय सहसा फसत नाही. झिजलेल्या मेलामाइनवर थोडी सावली राहू शकते.

ह्याच्याच जोडीचा आणखी एक घोटाळा रिफिलचा आहे. पुन्हा शाई भरता येणारे मार्कर आणि बदलता येणारी टोकं आपल्याकडे सहज मिळतात, आणि दरवर्षी पोत्याने प्लॅस्टिक फेकण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण रिफिलच्या बाटलीवर व्हाइटबोर्डसाठी असं लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. परमनंटची रिफिलही त्याच आकाराच्या बाटलीत येते. मार्कर ठेवायचा तो आडवा, किंवा टोक खाली करून. शाईतले रंगकण विरघळलेले नसल्यामुळे ते गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात, आपला स्टोक्सचा नियम इथेही लागू. पेनस्टँडमध्ये टोक वर करून ठेवलेला मार्कर चार दिवसांनी फिकट उमटतो आणि आपण तो संपला म्हणून फेकून देतो. त्याआधी टोपण घट्ट लावून रात्रभर उलटा ठेवून बघा, बरेच मेलेले मार्कर सकाळी जिवंत सापडतात.

आता जुगाडांचा विभाग. आपल्या रक्तातच तो आहे, त्यामुळे टाळून चालणार नाही. टूथपेस्टने बोर्ड चकाचक होतो, असं सांगणारे भेटतात. होतो, एक दिवस! टूथपेस्टमध्ये दात घासायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकासारखे अपघर्षक कण घातलेले असतात. ते डागाबरोबर बोर्डाचा वरचा थरही खरवडतात. भांड्यांची पावडर आणि हिरवी घासणी हे त्याचेच थोरले भाऊ. घासणीच्या धाग्यांत ग्राइंडिंग व्हीलच्या जातीची अपघर्षक पूड चिकटवलेली असते, आणि शाईचे रंगकण एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात. म्हणजे आपण जी खाच डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक पाडतो, तीसुद्धा ह्या कणांसाठी प्रशस्त पार्किंग असते. एकदा तिथे बसलेला कण कुठल्याच डस्टरच्या हाताला लागत नाही. घासणी लावलेल्या जागी पुढच्याच आठवड्यात जास्त काळं का दिसतं, ते आता लक्षात आलं असेल. खोबरेल तेल लावणारेही आहेत. त्यात थोडं तथ्य आहे, तेलाने जुनी शाई मऊ होते. पण तेल पूर्ण काढलं नाही तर धूळ धरतं आणि मार्करचं टोक बुजतं. नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे ॲसिटोन, आणि पेंटरकडचा थिनर काचेला काही करणार नाहीत, पण रंगाचा थर दिलेल्या पत्र्याचा रंगच उतरवू शकतात. कार पॉलिशचा जुगाड त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा आहे. झिजलेल्या बोर्डाच्या खाचा मेणाने तात्पुरत्या भरतात आणि काही आठवडे बरे जातात. फक्त त्यात घासून चकाकी आणणारं रबिंग कंपाउंड नसावं, साधं वॅक्स असावं.

बोर्डाचे सर्वांत वाईट दिवस कुठले म्हणाल, तर परीक्षेचे आणि सुट्टीचे. परीक्षा सुरू झाली की पहिल्या दिवशी ब्लॉक नंबर, सीट नंबर, वेळ, "मोबाइल बाहेर ठेवा" असं सगळं ठळक अक्षरांत लिहिलं जातं आणि शेवटच्या पेपरपर्यंत तसंच राहतं. मग सुट्टी लागते, वर्गाला कुलूप, पश्चिमेच्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन. जूनमध्ये बोर्डावर ते लिखाण छापल्यासारखं बसलेलं असतं. बोर्डाला चिकटवलेल्या सीटिंग अरेंजमेंटच्या कागदाचं तेच. कागद निघतो, सेलोटेपचा गोंद राहतो आणि त्यावर धूळ बसून काळे चौकोन तयार होतात. ब्लॉक नंबर कागदावर लिहून दाराला लावला, आणि कुलूप लावायच्या आधी एकदा ओल्या फडक्याने बोर्ड पुसला, तर वर्षातलं निम्मं नुकसान इथेच थांबेल असं मला वाटतं.

हे करायचं कुणी, हा नाजूक भाग. बहुतेक ठिकाणी बोर्ड साफ करायचं काम झाडू-पोछ्याबरोबर मावशींवर येतं. त्यांच्या हातात जे सामान दिलेलं असतं त्यानेच त्या पुसतात, आणि ते सामान असतं फरशीचं फडकं आणि घासणी. बोर्ड काळा पडला की बोलणी मात्र त्यांनाच. घासणीने बोर्ड खराब होतो हे त्यांना सांगितलं कुणी? आपण सर्फेस फिनिशवर दहा मार्कांचं उत्तर लिहितो आणि तेवढं एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवत नाही. दोन फडकी, लिक्विडची छोटी बाटली आणि दोन डस्टर एवढंच साहित्य प्रत्येक वर्गाच्या कपाटात वेगळं ठेवता येईल. तास संपल्यावर बोर्ड पुसायचं काम तर मावशींचं नाहीच, ते वर्गाचं आहे. आठवड्याचं ओलं पुसणं रोल नंबरप्रमाणे दोघा-दोघांनी घेतलं तर सत्तर जणांच्या वर्गात एकेकाची पाळी वर्षातून एकदा येते. दहा मिनिटांचं काम. ट्रेमधली काळी पूडही तेव्हाच ओल्या फडक्याने उचलावी. फुंकर मारून उडवू नये, ती समोरच्याच्या नाकात जाते.

आणि बोर्ड हाताबाहेर गेलाय हे कसं ओळखायचं? एका कोपऱ्यात वीतभर जागा स्पिरिटने पूर्ण स्वच्छ करा, पाण्याने पुसा, वाळू द्या. त्यावर चांगल्या मार्करने एक शब्द लिहा, मिनिटभराने स्वच्छ फडक्याने पुसा. शब्द पूर्ण गेला तर बोर्ड शाबूत आहे, इतके दिवस फक्त मळ होता. सावली राहिली तर पृष्ठभागच गेलाय, आता कितीही पुसून उपयोग नाही. मेलामाइन असेल तर त्यावर व्हाइटबोर्डची चिकटणारी फिल्म बसवता येते किंवा खास त्यासाठीचा रंग मिळतो तो लावता येतो, पण दोन्ही कामं धूळ न बसू देता, बुडबुडे न राहू देता करावी लागतात. पत्र्याचा असेल तर तो उतरवून व्हरांड्यात लावावा. लिहायला निकामी झाला तरी चुंबक त्याला चिकटतंच, आणि सबमिशनच्या नोटिसांना जागा कधीच पुरत नाही.